हातशिलाईचा बाळंतविडा घेताना: कपडा उलटा करून बघा

पुण्याच्या तुळशीबागेत किंवा घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे ऑनलाइन मिळणारा तयार बाळंतविडा हल्ली फार देखणा असतो. एकाच रंगसंगतीतली झबली, टोपडी, दुपटी, लाळेरी, खणाची कुंची, छोटी गोधडी, पाळण्यावरचं चिमणाळं, सगळं एका टोपलीत मांडून येतं. फोटोत सगळेच संच सुरेख दिसतात. बाळाच्या अंगाला मात्र कपड्याची आतली बाजू लागते, म्हणून आम्ही प्रत्येक नग आधी उलटा करून पाहतो.

झबल्याच्या काखेत आणि मानेशी कच्ची कड कशी बंद केली आहे ते बघावं. इंटरलॉक करून सोडलेली कड नायलॉनच्या दोऱ्याची असेल तर ती टोचते आणि बाळाच्या मानेवर लाल वळ उठतात. चांगल्या झबल्यात दुहेरी शिवण घालून कड आत मिटवलेली असते किंवा शिवणच बाहेरच्या बाजूला ठेवलेली असते. पुढून उघडणारं, कापडी बंदांचं झबलं नवजात बाळाला सर्वांत सोयीचं, कारण ते डोक्यावरून घालावं लागत नाही. बंद एक साधी गाठ बसेल एवढेच लांब हवेत आणि जोरात ओढल्यावर शिवणीतून निसटायला नकोत. टिचबटणं पातळ मलमलीवर थेट ठोकलेली असतील तर भोवतीचं कापड लवकरच फाटतं. बटणपट्टीच्या आत अस्तराचा एक थर असायलाच हवा.

दुपट्यांत फसगत होते ती मापात. गुंडाळायला किमान एक मीटर चौरस दुपटं लागतं, आणि कापड आधी धुतलेलं नसेल तर पहिल्याच धुण्यात ते आटतं. हाताला करकरीत लागणारी मलमल म्हणजे तिच्यात खळ आहे. ती रात्रभर साध्या पाण्यात भिजवून धुतल्यावरच तिचा खरा पोत कळतो. लाल आणि गडद हिरव्या कापडावर ओला पांढरा रुमाल दहा-बारा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर लाळेरं म्हणून ते कापड बाद, कारण बाळ लाळेरं चोखतंच.

संचातली सर्वांत मोलाची वस्तू गोधडी. वर नवं सुती कापड, आत जुन्या धुवट साडीचे थर आणि हाताने घातलेला धावदोरा, एवढं असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते. टाक्यांच्या दोन ओळींत दोन बोटांहून जास्त अंतर असलं की आतला थर सरकून गोळा होतो. वरचं कापड न धुता शिवलेलं असेल तर ते आटतं, आतली जुनी साडी आटत नाही, आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. फुगीर, गुबगुबीत दिसणारी गोधडी बहुधा पॉलिस्टरच्या भरावाची असते. आपल्या हवेत तिच्यात बाळाला घाम येतो. कर्नाटकातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची तुकड्यांची गोधडी, पाहावी: कडेपासून आत शिवत जाणारे जवळजवळ टाके आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची फुलं. तेवढी दाट शिलाई कसोटी म्हणून डोळ्यांसमोर ठेवावी. कोणतीही गोधडी घरी आणल्यावर तिच्यावरून एकदा चुंबक फिरवा. तुटलेल्या सुईचं टोक आत राहिलेलं असू शकतं.

खणाच्या कुंचीचा मोह कुणालाही होईल, आणि बारशाला ती शोभतेही. पण आज विकला जाणारा खण बऱ्याचदा पॉलिस्टरचा असतो. शिवणीच्या आतला एक धागा काढून जाळा. सूत असेल तर कागद जळल्याचा वास येऊन मऊ राख पडते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. जरीची उलटी बाजू खरखरीत असते, त्यामुळे पूर्ण मलमलीचं अस्तर नसलेली कुंची घेऊ नये. हनुवटीखालच्या नाड्या हा काळजीचा भाग आहे. युरोपच्या मानकात सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांत टोपी आणि गळ्यापाशी ओढायच्या नाड्या चालतच नाहीत. कुंची कार्यक्रमापुरती घालावी आणि बाळ झोपण्याआधी काढावी.

चिमणाळ्यातले मणी आणि घुंगरू डिंकाने चिकटवलेले नकोत, दोऱ्याने पक्के ओवलेले हवेत. ते बाळाच्या हाताला लागणार नाही इतकं वर टांगावं, आणि बाळ हातापायांवर उठू लागलं की उतरवून ठेवावं.

मोहरीची उशी आणि पाळण्याच्या कडेचे गुबगुबीत तक्के मात्र संचातून वगळायलाच सांगा. पहिल्या वर्षात बाळ सपाट, घट्ट बिछान्यावर झोपावं आणि त्याच्या तोंडाजवळ मऊ काही नसावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. अमेरिकेत तर असे तक्के विकण्यावर 2022 मध्ये बंदीच आली. हाच नियम गोधडीलाही लागू आहे: ती जमिनीवर अंथरून बाळाला खेळवायला वापरावी, झोपलेल्या बाळावर सैल पांघरू नये.

बहुतेक शिवणाऱ्या बायका मागणीप्रमाणे नग बदलून देतात. उशी-तक्क्यांऐवजी दोन दुपटी आणि चार लंगोट जास्त मागावेत. आलेला संच बाळाला घालण्याआधी सौम्य साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. जपून ठेवताना त्यात डांबराच्या गोळ्या घालू नयेत. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या लाल पेशी त्यांतल्या नॅप्थलीनमुळे फुटतात आणि कावीळ बळावते. सुकवलेला कडुलिंबाचा पाला पातळ कापडात बांधून ठेवला तरी पुरतो.