‘१०० टक्के हेट’ म्हणून विकलेली बोआ: ३८० पौंड, चार वर्षं आणि एकही अल्बिनो नाही

माझ्या बोआ सापाच्या मादीला २२ पिल्लं झाली आणि त्यांत लाल डोळ्यांचं, म्हणजे अल्बिनो, एकही नाही. नर शार्प अल्बिनो (शार्प ही अल्बिनोची एक लाइन, म्हणजे वंशावळ), मादी ‘हायपो, १०० टक्के हेट शार्प’ म्हणून विकत घेतलेली. हायपो म्हणजे काळा रंग कमी असलेली, हेट म्हणजे अल्बिनोचं एकच जनुक अंगात लपलेली. अशा जोडीच्या वेतात साधारण निम्मी पिल्लं अल्बिनो निघायला हवीत. प्रत्येक पिल्लाला अर्धी शक्यता धरली, तर २२ पैकी एकही अल्बिनो नसण्याची शक्यता ४१,९४,३०४ मध्ये एक. विकणारा याला ‘नशीब’ म्हणतो. हे नशीब नाही, ही फसवणूक आहे. इंग्लंडात राहून बोआ पाळणाऱ्या आणि आता पैदास करायला निघालेल्या मराठी मंडळींनी पुढचा पैसा देण्याआधी हे वाचावं.

आपल्याकडे मांडुळाच्या नावाने कोटींच्या बाता मारून लोकांना गंडवतात, तेव्हा फसणारा लोभी होता म्हणून आपण मोकळे होतो. बोआतली फसवणूक तशी नसते. इथे साप खरा असतो, निरोगी असतो, वेळेवर घरी पोचतो. खोटा असतो तो फक्त एक शब्द, आणि तो तपासायला चार वर्षं लागतात.

हिशेब असा. ऑक्टोबर २०२० मध्ये मादीचे ३२५ पौंड आणि प्राणी पोचवणाऱ्या गाडीचे ५५, एकूण ३८०. त्याच वेळी नुसती हायपो ९० पौंडांना आणि ‘६६ टक्के पॉसिबल हेट’ (जनुक असेलच अशी खात्री नसलेली) १४० ला मिळत होती. म्हणजे हायपोच्या वरचे २३५ पौंड मी न दिसणाऱ्या एका जनुकासाठी मोजले. मादी १.८ मीटरच्या पुढे जाईपर्यंत, चौथ्या हिवाळ्यापर्यंत, जोडी लावली नाही, आणि हे योग्यच होतं. घाई केली की मादी झिजते. या काळात गोठवलेल्या उंदरांचे ४१८ पौंड, सोनोग्राफीचे ९६. सगळे मिळून ८९४, वीज सोडून. अंडोत्सर्गानंतरची कात ११ मार्च २०२४ ला पडली, पिल्लं १०७ दिवसांनी, २६ जूनला. २२ जिवंत आणि ३ पिवळे फोल गोळे, म्हणजे न फळलेली अंडी. १२ हायपो, १० साधी.

हायपो निम्म्यांत उतरलं, यावर विकणारा लगेच म्हणाला, “बघा, माझी मादी अस्सल आहे.” हायपो प्रभावी आहे. ते मादीच्या अंगावर दिसतच होतं, त्याबद्दल वाद कधी नव्हताच. शार्प अल्बिनो अप्रभावी, आईबाप दोघांकडून जनुक आलं तरच दिसतो. त्याचं एकच जनुक असलेला साप आणि साधा साप, दोन्ही शेजारी ठेवले तरी फरक कळत नाही. हेटच्या पोटावर खूण असते, शेपटीचा रंग वेगळा असतो, असं सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

आता तो क्षण. तो आठवला की अजून अंगाची आग होते.

विकणाऱ्याने सांगितलेले आईबाप: बाप शार्प अल्बिनो, आई हायपो. बापाचा फोटो मी मागितला, आला. आईचा मागितला, आला. जन्मतारीख लिहून घेतली, नर की मादी हे तपासल्याचं विचारलं, किती खाते आणि शेवटची कात कधी, सगळं विचारलं. मी नवखी नव्हते आणि डोळे मिटून पैसे दिले नाहीत, हे इथे ठासून लिहिते. मग त्याने स्वतःहून सगळ्या वेताचा, ट्रेमधला फोटो पाठवला. मी हायपोंचे खोगिरासारखे पट्टे बघत बसले, कुठली मादी निवडावी म्हणून. त्या ट्रेमध्ये २६ पिल्लं होती आणि त्यांत ५ अल्बिनो.

बाप अल्बिनो आणि आई नुसती हायपो असेल तर त्या वेतात एकही अल्बिनो होऊ शकत नाही. एकही नाही. मी विचारलं. उत्तर आलं, “आईपण हेट निघाली, बोनस!” आणि मी खूश झाले. आई हेट असती तर निम्मी, म्हणजे १३ च्या आसपास अल्बिनो दिसली असती. २६ मध्ये ५ किंवा त्याहून कमी येणं सुमारे ८०० वेळांत एकदा घडतं. पण आईबाप दोघेही हेट असले तर चौथा हिस्सा अल्बिनो होतो; तो धरा, साडेसहा येतात. पाच अगदी त्यात बसतात. म्हणजे ते वेत हेट आणि हेट अशा जोडीचं होतं, बापाचा फोटो दुसऱ्याच सापाचा होता, आणि त्या ट्रेमधल्या प्रत्येक साध्या दिसणाऱ्या पिल्लाला फक्त ६६ टक्के पॉसिबल हेट म्हणता येत होतं: तिघांत दोघांकडे जनुक, तिसऱ्याकडे काही नाही. माझ्या वाट्याला तिसरी आली. ही आकडेमोड दोन मिनिटांची आहे. फोटो माझ्या फोनमध्ये चार वर्षं पडून होता.

वेताचा पूर्ण फोटो मागा आणि मोजा. पट्टे नंतर बघा.

पिल्लांनंतर त्याने दुसरं कारण काढलं: “कदाचित ती ‘काल’ (Kahl) लाइनची हेट असेल, अल्बिनो तो अल्बिनोच.” हे वाक्य जो कोणी बोलेल त्याच्याशी व्यवहार तिथेच थांबवा. काल आणि शार्प ही दोन वेगळी जनुकं आहेत. दोन्हींत काळा रंग पूर्ण जातो, दोन्हींचे डोळे लाल, नवजात पिल्लांच्या फोटोवरून भलेभले चुकतात. पण काल अल्बिनो आणि शार्प अल्बिनो यांची जोडी लावली तर सगळी पिल्लं साध्या रंगाची, दोन्हींची हेट. पावतीवर नुसतं ‘हेट अल्बिनो’ लिहिलं असेल तर ती पावती रद्दी आहे. लाइनचं नाव हवं.

दिसणाऱ्या रंगांतही हेच चालतं, फक्त कारागिरी वेगळी. ॲनेरी (लाल रंग नसलेलं) पिल्लू चंदेरी-करडं दिसतं आणि फोटो त्याच वयाचा दाखवतात. वाढल्यावर त्यात पिवळट-तपकिरी छटा येते, म्हणून आईबापांचे मोठेपणीचे, दिवसाच्या उजेडातले फोटो बघा. ‘सुपर हायपो’, म्हणजे हायपोची दोन जनुकं असलेला साप, नुसतं बघून कोणी छातीठोक सांगू शकत नाही. साध्या सापाशी जोडी लावून सगळी पिल्लं हायपो निघाली तरच ते खरं, आणि पिल्लावर तो शिक्का लावून जास्त पैसे घेणं ही सरळ थाप. सनग्लो म्हणजे अल्बिनो अधिक हायपो, स्नो म्हणजे अल्बिनो अधिक ॲनेरी, मूनग्लोमध्ये तिन्ही. स्नोला मूनग्लो म्हणून विकलं तर पिल्लाच्या वयात पकडणं कठीण, तेव्हा आईबापांत हायपो कुठे आहे ते आधी विचारा. टी प्लस अल्बिनोचे डोळे लालभडक नसतात आणि अंगावर तपकिरी-जांभळट रंग उरतो; त्याला ‘गडद शार्प’ म्हणून खपवलं तर परत पाठवा. आयएमजी पिल्लू जन्मतः साधंच दिसतं आणि वर्षागणिक काळवंडतं, त्यामुळे कुठलंही मळकट पिल्लू आयएमजी म्हणून विकता येतं. गुलाबी दिव्याखाली काढलेला फोटो आला तर पांढऱ्या कागदावर ठेवून दुसरा मागा. नाही म्हणाला तर कारण स्पष्ट आहे.

आणि मग तक्रार. पोलिसांच्या फसवणूक विभागाने एक क्रमांक दिला, काही आठवड्यांनी पत्र दिलं: तपास करण्याजोगं काही नाही. फोनवरच्या माणसाचा पहिला प्रश्न, “साप मिळाला ना? जिवंत आहे ना?” बँक म्हणाली, हा खरेदीदार-विक्रेत्यातला वाद आहे, फसवणूक नव्हे. बँकांनी पैसे परत करण्याचा नवा नियम ७ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या व्यवहारांना आहे, माझा त्याआधीचा, आणि तसले वाद त्यातही धरत नाहीत. स्थानिक कौन्सिलकडे गेले. २०१८ च्या नियमांनुसार इंग्लंडमध्ये धंदा म्हणून पाळीव प्राणी विकणाऱ्याला परवाना लागतो आणि जाहिरातीत परवाना क्रमांक द्यावा लागतो. उत्तर आलं की तो छंद म्हणून पाळतो. एका वर्षात चार वेतांच्या जाहिराती मी तारखांसह पाठवल्या. पोच आली, पुढे शांतता. ग्राहकांच्या हेल्पलाइनने पुन्हा कौन्सिलकडे पाठवलं. कौन्सिलमधल्या बाई म्हणाल्या की साप आजारी असेल तर त्या काही करू शकतील. साप आजारी नाही! साप ठणठणीत आहे, खोटी आहे ती पावती. हे वाक्य मी पाच ठिकाणी पाच वेळा बोलले आणि पाचही ठिकाणी पलीकडच्या माणसाने ‘हेट’ शब्दाचं स्पेलिंग विचारलं. ८९४ पौंड त्यांच्या लेखी किरकोळ. असे किरकोळ आकडे जोडूनच त्या माणसाचा धंदा चालतो.

वाट एकच उरते, छोट्या दाव्यांचं न्यायालय. तिथे १०,००० पौंडांपर्यंत दावा लागतो. विकणारा हौशी असला तरी १९७९ च्या वस्तुविक्री कायद्याने वस्तू वर्णनाप्रमाणे असायलाच हवी. मुदत सहा वर्षांची, आणि ती सहसा विकत घेतल्यापासून मोजतात, पिल्लं झाल्यापासून नाही. मादी चार वर्षांनी वयात येते, म्हणजे दोनच वर्षं हातात उरतात. विकणाऱ्याने त्याच्या बाजूचे संदेश पुसले. माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत म्हणून दावा उभा राहू शकला. पैसे पाठवताना बँकेच्या संदर्भात ‘हेट शार्प’ लिहा. परवानाधारक विक्रेता क्रेडिट कार्ड घेत असेल तर १०० पौंडांच्या वरची किंमत कार्डानेच द्या, १९७४ च्या कायद्याने कार्ड कंपनीही जबाबदार राहते.

पुण्या-मुंबईत ‘इम्पोर्टेड अल्बिनो बोआ’ शोधणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि बोआसारखे परदेशी प्राणी चौथ्या परिशिष्टात येतात. बाळगणं, हस्तांतर, पिल्लं होणं, सगळ्याची नोंद हवी. विकणाऱ्याकडे नोंद नसेल तर रंग खरा की खोटा हा प्रश्न नंतरचा.

माझी २२ पिल्लं बापाकडून शार्पची हेट आहेत, ती तशीच आणि दोन्ही आईबापांच्या फोटोंसह देते आहे. त्या माणसाची नवी जाहिरात परवा आली. तोच निळा ट्रे, परवाना क्रमांक नाही. बाप सनग्लो, आई साधी, असं लिहिलंय. पिल्लं १९, त्यांत ४ लाल डोळ्यांची. उरलेली ‘१०० टक्के हेट’, प्रत्येकी ३५० पौंड.