अस्सल सुटे भाग लावून गळ्यात मारलेली 'ओरिजिनल' सायकल

जुनी रेसिंग सायकल घेताना बनावट भागांची भीती सगळेच घालतात. मला विकलेल्या सायकलचे बरेचसे भाग अस्सल होते, आणि फसवणूक त्यांच्याच जोरावर झाली.

जाहिरात होती '१९७४ ची इटालियन, एकाच मालकाची, रंगासकट सगळं ओरिजिनल'. सर्वांत मोठा आणि स्पष्ट फोटो मागच्या डेरेलरचा, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाचा. काम्पान्योलो या इटालियन कंपनीचं 'नुओवो रेकॉर्ड' मॉडेल, अंगावर 'पेटंट-७४'. या डेरेलरवरचे ते दोन आकडे त्याचं साल सांगतात, त्यात खोट काही नव्हती. पण केबल आणि एक बोल्ट सोडला की डेरेलर हातात येतो. फ्रेमच्या वयाचा दाखला तो कसा देणार?

मागचं चाक काढलं आणि बनाव उघडा पडायला लागला. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, लॉकनटवरही (कडेच्या नटवरही) ७४. पण शेजारी अ‍ॅक्सलवर दोन्हीकडे नवेकोरे, चकाकणारे वॉशर सरकवलेले. त्या काळच्या पाच गिअरच्या हबची रुंदी १२० मिमी. ही फ्रेम मागे भरली १२६, म्हणजे पुढे सहा-सात गिअर आले तेव्हाचं माप. मधली फट दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटरचे वॉशर घालून बुजवली होती. काम सफाईदार होतं, हे मान्यच करायला हवं.

उजवा क्रँक (पेडलचा दांडा) आरशासारखा पॉलिश केलेला, डाव्याच्या पाठीवर मात्र वर्तुळात २. काम्पान्योलोच्या क्रँकवर वर्तुळातला आकडा ऐंशीच्या दशकातला, म्हणजे हा १९८२ चा. (इतकं पॉलिश दिसलं की क्रँक आणि स्पायडर (दातेरी चकती धरणारे फाटे) जिथे जुळतात तो कोपरा भिंगाखाली बघा. या क्रँकना तडे तिथेच जातात आणि बारीक तडा पॉलिशखाली सहज लपतो.)

मग बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही क्रँक ज्यावर फिरतात तो फ्रेमच्या तळाचा बेअरिंगचा भाग. इटालियन फ्रेमला दोन्ही बाजूंना उजवे आटे असतात, म्हणून मेकॅनिकने उजवीकडचा कप (बेअरिंग धरणारी आट्यांची वाटी) नेहमीच्या पद्धतीने सोडवायला घेतला. जाम हलेना. उलट फिरवला आणि अलगद सुटला. ग्रीस पुसल्यावर कपावर आकडे दिसले: १.३७० × २४, म्हणजे इंचातला व्यास आणि दर इंचाला आटे. इंग्लिश आटे, उजवीकडे उलटे! इटालियन कपावर ३६ × २४ असतं, त्यातले ३६ मिलिमीटर. शेलची (कप ज्यात बसतात त्या फ्रेमच्या नळीची) रुंदीही ७० ऐवजी ६८ मिमी. परदेशी गिऱ्हाइकांसाठी इटालियन कारखाने इंग्लिश आटेही पाडायचे, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नाही. पण शेलच्या कडेला लाल रंगाखालून हिरवा डोकावत होता, आणि त्या लालवर कोलंबस या फ्रेमच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीचं करकरीत स्टिकर. अशी स्टिकरं नव्याने छापलेली सर्रास मिळतात. 'ओरिजिनल रंग' म्हणतात तो हा.

विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, कारखाने त्या काळी हाताला लागेल तो भाग बसवायचे. अर्धसत्य आहे. पडून राहिलेला माल वापरल्याने वर्षा-दोन वर्षांचा फरक पडतोच. पण १९७४ साली १९८२ चा क्रँक आणायचा कुठून? यावर त्याने 'आहे तशी विकली' म्हणत हात वर केले आणि पुढे उत्तरं देणंच बंद केलं.

तेव्हा कुणी असला माल दाखवत असेल तर त्याच्या आवडीच्या फोटोंवर जाऊ नका. दोन्ही क्रँकची पाठ, मागच्या हबचा लॉकनट, खालून बॉटम ब्रॅकेटचा शेल, आणि चाक काढून मागच्या ड्रॉपआउटमध्ये (चाक बसतं त्या खाचांमध्ये) मोजपट्टी धरलेला फोटो मागा. शिमानो या जपानी कंपनीचे भाग असतील तर दोन अक्षरांचा कोड शोधा: पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं, आणि वर्षाची मोजणी 'ए' म्हणजे १९७६ पासून. ज्याची सायकल खरी आहे त्याला चाक काढून फोटो पाठवायला पाच मिनिटं पुरतात. तो टाळाटाळ करू लागला, तर आगाऊ रक्कम पाठवू नका.