अर्ध्या नावाचं झाड

मुलगी ऑस्ट्रेलियात पर्थला असते. तिच्या घरापुढे कमरेएवढं ग्रेव्हिलियाचं झुडूप आहे, रॉबिन गॉर्डन जातीचं. नेच्यासारखी चिरलेली पानं, कोळ्याच्या पायांसारखी वळलेली लाल फुलं, आणि त्यांवर दिवसभर लटकलेले पक्षी. दोन महिने राहून जळगावला परतलो तो ते डोक्यात घेऊनच. येताना एक फांदी आणावी म्हटलं तर तिने दटावलं, "बाबा, आयातीचा परवाना आणि इथला फायटोसॅनिटरी दाखला, म्हणजे झाडाला रोग-कीड नसल्याचा सरकारी कागद, नसेल तर काडीसुद्धा नेता येत नाही."

मग इन्स्टाग्रामवर एक रोपविक्या सापडला. मातृवृक्ष थेट ऑस्ट्रेलियातून आणलेत म्हणे. एक रोप 1,850 रुपये. तीन घेतली, कुरिअरसकट 5,900. मी शहाणपणाने दाखला मागितला, त्याने लगेच फोटो पाठवला. शिक्का, सही, सगळं दिसलं, मी खूश. दीड वर्षाने तोच फोटो मोठा करून वाचला तेव्हा कळलं, दाखला नेदरलँड्सचा होता आणि माल होता ट्यूलिपचे कांदे.

पैसे यूपीआयने कुणाच्या तरी खासगी नावावर गेले. बिल मागायचं सुचलंच नाही.

रोपं मात्र टवटवीत आली. मी कौतुकाला कमी केलं नाही. ग्रेव्हिलियाच्या कुळाला स्फुरद (फॉस्फरस) सोसत नाही, म्हणून डीएपी, सुपर फॉस्फेट लांब ठेवलं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, ती खोलवर काढून वाळू आणि मुरूम भरला. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला तेव्हा हिरवी शेडनेट बांधली. बायको म्हणाली, पोरांचं एवढं केलं नाहीत कधी! ते खरंच होतं.

झाडं वाढली. इतकी वाढली की दीड वर्षात माझ्या डोक्यावर गेली. झुडूप कमरेशी थांबायला हवं होतं, इथेच शंका यायला हवी होती. मी ते खान्देशी उन्हाच्या खात्यावर टाकलं.

चिकूचं कलम द्यायला अमळनेरकडचा नर्सरीवाला आला. त्याने एक पान उलटं केलं. खालून चंदेरी, लवदार.

"आप्पा, हाई ते सिल्व्हर ओक शे. मन्हाकडे तीस रुपयाले भेटस."

चहा-कॉफीच्या मळ्यात सावलीसाठी लावतात तेच झाड. शास्त्रीय नाव ग्रेव्हिलिया रोबस्टा, मूळचं पूर्व ऑस्ट्रेलियाचं. म्हणजे विकणारा शब्दाला जागलाच होता की! मी मेसेज केला तर उत्तर आलं, "सर, ग्रेव्हिलियाच मागितलं होतं ना? ऑस्ट्रेलियाचंच आहे." त्यानंतर ब्लॉक. फक्त ग्रेव्हिलिया म्हणालो, पुढचं नाव लिहून घेतलं नाही, तिथे तो सुटला. परदेशी झाड घेणार असाल तर पहिलं आणि पुढचं (जातीचं) अशी दोन्ही नावं बिलावर लिहून घ्या. पुढचं नाव विचारल्यावर जो 'सगळं एकच असतं' म्हणेल, त्याच्याकडून मिरचीचं रोपसुद्धा घेऊ नका. आणि दाखल्याच्या शिक्क्याआधी त्यावर कोणतं झाड लिहिलंय ते वाचा.

1930 वर सायबर तक्रार केली, 1915 वर ग्राहक हेल्पलाइनलाही फोन केला. पण दीड वर्ष उलटलेलं, बिल नाही, जीएसटी क्रमांक नाही, हातात चार स्क्रीनशॉट. पैसे मिळतील असं मला वाटत नाही.

एक झाड काढून टाकलं. एक मेहुण्याने चोपड्याला शेताच्या बांधावर नेलं. तिसरं मुळं फार खोल गेल्याने कुंपणालगतच राहिलंय, विजेच्या तारेच्या हातभर खाली. वायरमन आला की वर बघतो आणि विचारतो, "काका, हे अजून किती वाढणार?" वीस-तीस मीटर, असं सांगायचा धीर अजून झालेला नाही.