तुटलेले स्टड आणि हबमागचा टाका

जुन्या गाडीच्या चाकाचे तुटलेले स्टड, म्हणजे ज्यांवर नट आवळून चाक बसवतात ते बोल्ट, बदलणे हे फार मोठे काम नाही. मात्र त्यातील महत्त्वाचा भाग हबच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) पाठीमागे होत असल्याने तो गाडीमालकाच्या नजरेस पडत नाही, आणि माझी फसवणूक नेमकी तिथेच झाली.

माझी वॅगन आर पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी केलेली आहे. महामार्गावरील एका पंक्चरवाल्याने हवेच्या गनने नट वाजवीपेक्षा जास्त आवळले होते. अशा आवळण्याने स्टड ताणला जातो आणि पुढे केव्हातरी तुटतो. त्याप्रमाणे नंतर चाक काढताना पुढच्या डाव्या चाकाच्या चार स्टडपैकी दोन नटासकट तुटून आले. कुर्ल्यातील एका गॅरेजवाल्याने ‘चारही कंपनीचे टाकतो, हब प्रेसवर घ्यावा लागेल’ (प्रेस म्हणजे स्टड दाबून बसवायचे यंत्र) असे सांगून त्या हिशेबाने पैसे घेतले आणि चिठ्ठीवर फक्त ‘हब काम’ असे लिहून दिले. पक्के बिल मागितले, तर ‘साहेब, उगाच जीएसटी कशाला भरता?’ असे उत्तर आले; जुने तुकडे मागितले, तेव्हा ते भंगारात गेले होते म्हणे.

काही दिवसांतच जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर त्या चाकातून खडखड ऐकू येऊ लागली. विक्रोळीच्या मेकॅनिकने माझ्यासमोर हब उतरवला, तेव्हा दोन स्टड जुनेच असून त्यांना वरून चंदेरी रंग फासल्याचे दिसले. नखाने खरवडताच खालचा गंज वर आला. उरलेले दोन नवे होते, पण दुसऱ्या गाडीचे. स्टडच्या डोक्याखाली उभ्या खाचा असतात, त्या हबच्या भोकात दाबाने रुतून बसतात आणि म्हणूनच नट आवळताना स्टड जागीच फिरत नाही. इथे भोकात स्टड सैल होते, म्हणून मागून वेल्डिंगचा टाका मारून ते अडकवले होते. मूळ स्टड उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेल्या पोलादाचा असतो. टाक्याच्या आचेने त्याचा कणखरपणा जातो आणि तो कधी तुटेल याचा नेम राहत नाही. टाका काढताना भोके बिघडली, त्यामुळे हबही नवा घ्यावा लागला.

त्या नव्या स्टडच्या आट्यांचीही तीच गत होती, तेही दुसऱ्या गाडीचे. मारुतीच्या 12 मिलिमीटर जाडीच्या स्टडला 1.25 मिलिमीटर अंतराचे आटे असतात, तर ह्युंदाई किंवा होंडाच्या गाड्यांना 1.5 चे. चुकीचा नट हाताने थोडा चढतो आणि मग अडतो. तिथे पान्याने जोर लावला की आटे कायमचे जातात. योग्य नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे, ही परीक्षा कोणालाही करता येते. चाक बसवण्यापूर्वी हबची मागची बाजू टॉर्च मारून बघावी आणि बिलावर स्टडची संख्या व पार्ट नंबर लिहून घ्यावा. जो गॅरेजवाला यापैकी एकालाही आढेवेढे घेतो, त्याच्याकडे गाडी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली, त्यानंतर गॅरेजवाल्याने स्टडचे पैसे परत केले, पण हबच्या खर्चाला तो तयार नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. माझा अर्ज तयार होत असून, टाक्याचे फोटो आणि विक्रोळीच्या मेकॅनिकने लिहून दिलेला तपशील त्याला जोडत आहे.