दहा महिने स्वतःचे कपडे स्वतः शिवून बघितले

'द ग्रेट ब्रिटिश सोइंग बी' ही बीबीसीवरची 2013 पासूनची स्पर्धा. शिवणारे सगळे हौशी. दर भागात तीन कामं: दिलेल्या पॅटर्नवरून, म्हणजे कापायच्या कागदी नमुन्यावरून, कपडा, जुन्या कपड्याचा नवा, आणि शेवटी समोरच्या माणसाच्या मापाचा. लातुरात रात्री जेवणं उरकली की मी मोबाइलवर ते बघत बसायचे. एक दिवस सासूबाईंच्या पायडल मशीनवर साचलेला ढीग खाली उतरवला. त्याला आता दहा महिने झाले. अकरा कपडे शिवले, सात घालते.

मशीनला मोटर बसवून घेतली. लाइट गेली की मोटरचा पट्टा काढायचा, जुनी वादी चढवायची आणि पाय मारायचे. सुरुवातीला खालच्या बाजूला धाग्याचा नुसता गुंता व्हायचा. दुकानदार म्हणाला, बॉबीन केस, म्हणजे खालच्या धाग्याची डबी, बदला. बदलली, पैसे गेले, गुंता तसाच. चूक माझीच होती. सुईजवळचा कापड दाबणारा मशीनचा पाय खाली ठेवून मी वरचा धागा ओवत होते, त्यामुळे तो धागा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये शिरतच नव्हता. पाय वर उचलून ओवला, संपलं.

शिवणं महिन्याभरात हातात बसतं. बेतणं नाही. तिकडं पॅटर्न छापील मिळतो. इथं मी, टेप आणि खडू. छाती 36, चौथा भाग 9, त्यात दीड इंच सैल, वर शिलाईची माया, म्हणजे कडेला सोडायचं जादा कापड. हिशोब बरोबर होता, तरी पहिला कुर्ता घालून वरच्या फळीवरचा डबा काढायला गेले तर सगळा कुर्ताच वर आला. मला वाटलं मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, लहान पडला, म्हणून आणखी कोरला. उलट जास्तच अडकला. शेवटी गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकूंकडं गेले. "मुंढा एवढा खाली कशाला नेलास गं? जितका खोल जाईल तितका हात अडकतोय," एवढंच म्हणाल्या आणि जुन्या वर्तमानपत्रावर खाकाच कापून दिला. तोच खाका अजून वापरते, कडा पार मऊ झाल्यात.

मायेचंही त्यांच्याकडूनच शिकले. विलायती पॅटर्नमध्ये साधारण दीड सेंटिमीटर धरतात. काकू बगलेखाली चांगली इंचभर सोडतात. आतून दिसायला ओबडधोबड, पण दिवाळीनंतर मला दोन कुर्ते उसवून सैल करता आले ते त्यामुळंच.

जुन्याचं नवं करण्याचा भाग टीव्हीवर फार मजेशीर दिसतो. मी सासूबाईंचं मऊ झालेलं इरकल घेतलं. त्या दारातूनच ओरडल्या, "वाकळंला ठेवलेलं लुगडं कापायलीस व्हय?" ऐकलं नाही. दुसऱ्याच धुण्यात कुर्ता मागून शिलाईलगत टरकला. बसायच्या जागी सूत विरलेलं होतं. उजेडात धरलं असतं तर दिसलं असतं. उरलेलं लुगडं गुपचूप वाकळेतच गेलं.

सुती कापड इथल्या गंजगोलाईच्या बाजारातून आणते. आणल्याबरोबर रात्रभर भिजत घालते, आटायचं ते आधीच आटू दे. ते पाणी तुळशीला. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी बघितलेल्या गावात बादली ओतून देणं जमत नाही.

पैसे वाचतात का? माझे तरी नाही. सुया, खडू, चांगली कात्री, मोटर, फुकट गेलेले चार कपडे, हे सगळं धरलं तर शिलाई देऊन शिवून घेणं स्वस्त पडलं असतं. पण माझ्या प्रत्येक कुर्त्याला आता उजवीकडं वीतभर खोल खिसा असतो. मोबाइल, घराची किल्ली, भाजीचे सुटे पैसे त्यात मावतात. आजवर मागूनही कुणी नीट लावून दिला नव्हता.

चेन लावायची मात्र अजून धास्ती वाटते. तीनदा लावली, तीनदा उसवली. चेनवाले कपडे सध्या काकूंकडंच जातात.