सीएनजी हॅचबॅक, १० लिटरची पेटी आणि ८ इंची सबवूफर : वापरानंतरचा अनुभव

सीएनजी गाडीवाल्यांना सबवूफरचा (फक्त खालच्या सुरांच्या, म्हणजे बासच्या स्पीकरचा) सल्ला देणारे बहुतेक जण पेट्रोलवाले असतात. 'डिकीत एक १२ इंची टाक, विषय संपला.' अरे, पण डिकीत सिलिंडर झोपलाय त्याचं काय? माझ्या हॅचबॅकमध्ये सिलिंडर, त्याची चौकट आणि स्टेपनी सोडली तर मागच्या दाराजवळ एक फट उरते. तिथे टेप लावून पाहिली तेव्हा जेमतेम ४० बाय ३० बाय १५ सेंटीमीटरची पेटी बसेल असं दिसलं. १८ मिलिमीटरचं प्लाय धरलं की आतलं माप ३६.४ बाय २६.४ बाय ११.४ होतं, म्हणजे ११ लिटरला थोडं कमी. त्यातलं लिटरभर स्पीकरचा मॅग्नेट आणि बास्केट (त्याचा सांगाडा) हेच खाणार. हातात राहिले १० लिटर.

हा आकडा घेऊन मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराचा पहिला प्रश्न, "किती वॅटचा पाहिजे?" मी म्हटलं, "१० लिटरमध्ये कुठला चालेल ते सांगा." तो हसला. "भाऊ, १० इंचीच घ्या, ८ इंचीत काय दम नाय. पेटीचं काय, बसवू कशीतरी." सगळा घोळ होतो तो या 'कशीतरी'त.

सीलबंद पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते. पेटी जितकी लहान, तितकी ती स्प्रिंग कडक. स्पीकरच्या माहितीच्या कागदावर तीन आकडे असतात, एफएस (मोकळा स्पीकर सेकंदाला जितक्या कंपनांना, म्हणजे हर्ट्झला, आपोआप घुमतो तो), क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलेलं आहे; आकडा मोठा तर सैल) आणि व्हीएएस (स्पीकरच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकीच कडक हवा किती लिटर ते). थील आणि स्मॉल या ऑस्ट्रेलियातल्या दोन अभियंत्यांच्या नावाने हे मोजमाप ओळखलं जातं. व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागा, १ मिळवा आणि वर्गमूळ काढा. येईल त्या आकड्याने एफएस आणि क्यूटीएस दोन्हींना गुणा, की पेटीत बसल्यावरचा रेझोनन्स (घुमण्याचा हर्ट्झ) आणि क्यू मिळतो. फोनच्या कॅल्क्युलेटरवर दुकानातच होतं.

समजा, १० इंचीचा व्हीएएस ३५ लिटर, क्यूटीएस ०.५ आणि एफएस ३० हर्ट्झ आहे. १० लिटरमध्ये गुणक येतो २.१२. क्यू जातो १.०६वर आणि रेझोनन्स ६४ हर्ट्झजवळ. म्हणजे ऐकायला एकाच सुरात 'भुम्म भुम्म', त्याखाली आवाजाला सगळा उतार. आता ८ इंची घ्या, व्हीएएस १२, क्यूटीएस ०.४५, एफएस ३६. गुणक १.४८, क्यू ०.६७, रेझोनन्स ५३ हर्ट्झ. ०.७च्या आसपासचा क्यू म्हणजे सपाट, आटोपशीर बास. कागदावर ३० हर्ट्झ मिरवणारा मोठा स्पीकर छोट्या पेटीत ३६ हर्ट्झवाल्यापेक्षा वरच अडकतो. मी साधारण याच दुसऱ्या हिशेबात बसणारा, उथळ बांधणीचा ८ इंची घेतला. मॉडेल नंबर मुद्दाम देत नाही. मॉडेलं बदलत राहतात आणि तुमची फट माझ्यापेक्षा वेगळी असणार. उथळ घेताना मॅग्नेटच्या मागे हवेचं भोक आहे का ते बघा. असेल तर त्याच्या आणि पेटीच्या पाठीच्या मध्ये दोन बोटं तरी जागा हवी.

'पोर्ट मारा, बास डबल' असंही कुणीतरी सांगतंच, म्हणजे पेटीला भोक पाडून पाइप बसवा. १० लिटरची पेटी ३५ हर्ट्झला ट्यून करायची तर साडेसात सेंटीमीटर व्यासाचा पाइप मीटरभर लांब लागतो आणि तो एकटाच साडेचार लिटर जागा घेतो. ५ सेंटीमीटरचा घेतला तर लांबी ४४ सेंटीमीटरवर येते, पण जोरात वाजवलं की पाइपातून फुसफुस ऐकू येते. तेव्हा सीलबंदच.

तरीही छोट्या पेटीची किंमत चुकवावी लागतेच. स्पीकर अभियंते हॉफमन यांचा जुना नियम आहे : लहान पेटी, खोल बास आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, यातली कुठलीही दोनच मिळतात. तितक्याच वॅटमध्ये एक सप्तक खाली उतरायचं तर पेटी आठपट मोठी लागते. मी वॅट मोजायची तयारी ठेवली. मोनो क्लास डी अँप (एकाच स्पीकरसाठीचा, कमी वीज वाया घालवणारा), २०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणारे वॅट). खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे बघू नका, आरएमएसच बघा. बॅटरीपासून वीतभर अंतरात ३० अँपिअरचा फ्यूज टाकला आहे. सीएनजीच्या गाडीत या फ्यूजशिवाय वायर मागे नेऊच नये.

गाडीचा मात्र आपल्याला एक फायदा आहे. केबिन लहान असल्यामुळे ठरावीक हर्ट्झच्या खाली आतला दाब आपोआप वाढत जातो. केबिन अडीच मीटर लांब धरली तर ही वाढ ७० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. सीलबंद पेटीचा उतार आणि केबिनची चढण बऱ्यापैकी एकमेकांना सावरतात. पत्रा आणि काचा गळक्या असल्यामुळे गणितातला पूर्ण लाभ मिळत नाही, पण ४० हर्ट्झपर्यंत माझं काम भागतं. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची असते, तीही ऐकू येते.

पेटीसाठी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) घेतलं नाही. मुंबईचा पावसाळा, वर डिकीत ओल्या छत्र्या, कडा फुगायला वेळ लागत नाही. ओळखीच्या सुताराकडून वॉटरप्रूफ प्लायची करून घेतली, आतून सांध्यांना फेव्हिकॉल आणि वर सिलिकॉन. स्पीकर बसवण्यापूर्वी आत दीड-पावणेदोनशे ग्रॅम रिक्रॉन (उशीत भरतात तो कृत्रिम कापूस) मोकळं करून भरलं, त्याने स्पीकरला पेटी थोडी मोठी भासते. ठासून भरलं तर उलटं होतं. पेटी हवाबंद आहे की नाही ते असं तपासतात : स्पीकरचा कोन (समोरचा हलणारा पडदा) तळव्याने हळूच आत दाबायचा आणि सोडायचा. सावकाश परत आला तर ठीक, फटकन आला तर कुठेतरी गळती आहे. माझी टर्मिनलपाशी (वायर जोडतात तिथे) गळत होती.

आता आवाज. पखवाज, डग्गा, संबळ यांत फरक सगळ्यात जास्त जाणवतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घुमारा पूर्वी दाराच्या स्पीकरमध्ये नुसता 'धप्' व्हायचा, आता तो वर चढताना कळतो. लो-पास (सबकडे फक्त खालचे सूर सोडणारी गाळणी) ८० हर्ट्झवर, बास बूस्ट शून्यावर. मागे बसणारी आई आधी "कमरेला बसतंय रे" म्हणायची, गेन (अँपचा जोर) थोडा उतरवल्यापासून बोलत नाही. फ्रीवेवर ८०च्या वेगात टायरचा घरघराट खालचा सगळा भाग गिळतो, तेव्हा गेन चढवावा लागतो. एस. व्ही. रोडच्या सिग्नलला तोच मग जास्त होतो. यावर इलाज एकच, स्टिअरिंगजवळ बासचा नॉब. तो अँपसोबत मिळत असेल तर सोडू नका.

पावसाळा उलटल्यावर मागून खरखर यायला लागली. मला स्पीकर फाटला वाटलं, निघाली नंबर प्लेट. साधारण ५५ हर्ट्झला ती पत्र्यावर थरथरत होती. मागे फोम टेप लावली आणि विषय मिटला. पेटीचे स्क्रूही सैल झाले होते, ते आता सर्व्हिसिंगच्या वेळी एकदा आवळतो. सीएनजीच्या रांगेत इंजिन बंद ठेवून गाणी ऐकायची सवय असेल तर बॅटरीकडे लक्ष असू द्या.

सिलिंडरच्या चौकटीत एकही स्क्रू मारलेला नाही. पेटी पट्ट्यांनी जमिनीला बांधली आहे, व्हॉल्व्हपर्यंत हात सरळ पोचतो. सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) असतेच, तेव्हा पट्टे सोडून एक प्लग काढला की पेटी बाहेर.

स्पीकर, अँप, वायरिंग, पेटी मिळून खर्च वीस हजारांच्या आत राहिला. सीटखाली मोकळी जागा असेल तर अँपसकट तयार मिळणारा चपटा सब स्वस्तात आणि कमी कटकटीत होईल. आणि गणपतीत गाडीचं मागचं दार उघडून सोसायटीत वाजवायचं मनात असेल तर हा घेऊ नका. दार उघडलं की केबिनची मदत जाते आणि १० लिटरची पेटी उघडी पडते.