पार्किंगसाठी चिठ्ठ्या की फासे?

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत गाड्या जास्त, जागा कमी. मग सभेत प्रश्न येतो: चिठ्ठ्या काढायच्या की फासे टाकायचे?

चिठ्ठ्यांत आधी कोणी उचलायची यावरून वाद होतो, तो व्यर्थ आहे. पहिल्याला आणि शेवटच्याला चांगली जागा मिळण्याची शक्यता सारखीच. धोका आहे तो ढवळण्यात. अमेरिकेत डिसेंबर १९६९ मध्ये सैन्यभरतीसाठी ३६६ जन्मतारखांच्या कुप्या सोडतीत काढल्या; ज्याची तारीख आधी निघेल त्याला सैन्यात आधी बोलावणं. त्या नीट मिसळल्या नव्हत्या, म्हणून वर्षअखेरीस जन्मलेल्या तरुणांचे क्रमांक आधी लागले. कोणाची लबाडी नसतानाही अन्याय झाला, हे मला फार लागतं.

फाशांना ढवळावं लागत नाही. स्वस्त फाशाचे ठिपके कोरलेले असतात, त्यामुळे सहाची बाजू किंचित हलकी होते, हे खरं. पण सगळ्यांनी तेच फासे टाकले तर तो दोष सर्वांच्या वाट्याला सारखाच येतो. चूक होते ती दुसरीकडे: दोन फाशांच्या बेरजेला जागेचा क्रमांक जोडू नका. एकूण ३६ शक्यतांपैकी ७ ही बेरीज ६ प्रकारे येते, १२ एकाच प्रकारे. त्याऐवजी मोठी बेरीज आणेल तो आधी निवडेल, बरोबरी झाली तर पुन्हा टाका.

पन्नास सभासदांत मात्र बरोबऱ्या संपणारच नाहीत. तिथे मी चिठ्ठ्याच घेईन. एकाच कागदाच्या, एकाच घडीच्या, मोठ्या पिंपात सर्वांसमोर भरपूर ढवळून. दोघा-तिघांत एकच जागा असेल तर फासे.